नव्या फ्रान्समधील पूर्वजांचा शोध आणि ‘दि’ नावांची उकल

अल्फोन्स देजार्दँ हे नाव क्वेबेक प्रांतात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. सहकारी पतपेढीची जी कल्पना आपल्याकडे गावोगावी रुजली, तिचेच तिकडचे रूप असलेली ‘केस पोप्युलेर’ त्यांनी १९०० साली लेव्ही या गावी सुरू केली. त्यांचा जन्म १८५४ चा. त्यांचे पूर्वज शोधायला निघालेला माणूस देजार्दँ एवढेच आडनाव धरून मागे जाऊ लागला, तर थोड्याच पिढ्यांत त्याची वाट खुंटते. कारण वडिलांचे नाव कागदोपत्री ‘फ्रान्स्वा रुआ दि देजार्दँ’ (‘दि’ म्हणजे ‘ऊर्फ’) असे आहे, आईचे ‘क्लारीस मिव्हिल दि देशेन’ असे आहे, आणि या घराण्याचा जो मूळ पुरुष १६६५ साली पलटणीबरोबर फ्रान्सहून आला तो आंत्वान रुआ होता. आडनाव बदलले, माणसे तीच राहिली.

माझी सून माँट्रियालची आहे. नातवाच्या आजोळची वंशावळ मांडायला बसलो तेव्हा मीही आडनावाच्याच मागे लागलो आणि एकाच नावाच्या दोन माणसांपैकी चुकीच्या माणसाची शाखा कित्येक महिने वर चढत राहिलो. त्या माणसाच्या बायकोचे नाव वेगळे आहे हे लक्षात आले तेव्हा सगळे कागद बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. कॅनडा-अमेरिकेतील मराठी कुटुंबांत अशी सोयरीक आता नवलाची राहिलेली नाही, म्हणून हा शोध कोणत्या क्रमाने करावा आणि तिथल्या नावांच्या चालीरीती कशा वाचाव्यात, हे सविस्तर लिहीत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: नव्या फ्रान्सच्या, म्हणजे कॅनडातल्या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या, कागदांत नाव हा आधार नव्हे, नवरा-बायकोची जोडी हा आधार आहे.

कोणत्या लोकांचा शोध घ्यायचा

सॅम्युएल द शाँप्लँ याने १६०८ साली क्वेबेकची वसाहत स्थापली, १६३४ साली त्र्वा-रिव्हिएर आणि १६४२ साली माँट्रियाल वसले. १७६० मध्ये माँट्रियाल इंग्रजांच्या हाती पडले आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने फ्रेंच राजवट संपली. या दीडशे वर्षांत येऊन कायमचे राहिलेले लोक साधारण दहा हजारांच्या घरातले, आणि १७६० च्या सुमारास वसाहतीची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे आजचे लाखो फ्रेंच-कॅनडियन त्याच मूठभर घरांचे वंशज आहेत, आणि म्हणूनच कोणतीही एक शाखा नीट वर नेली की ती बहुधा आधीच अभ्यासल्या गेलेल्या एखाद्या मूळ पुरुषाशी जाऊन मिळते.

हे लोक कोण होते, यावरून त्यांचे कागद कुठे सापडतील हे ठरते. पॅरिसचा औषधविक्रेता लुई एबेर १६१७ मध्ये बायकामुलांसह आला, परंतु असे सहकुटुंब येणारे थोडे. १६३४ पासून पेर्श प्रांतातील मोर्तान्य आणि तूरूव्ह्र या भागांतून सुतार, गवंडी यांसारख्या कारागिरांची कुटुंबे आली. झाकारी क्लूतिए हा त्यांतला एक. पुष्कळजण ला रोशेल बंदरात तीन वर्षांच्या नोकरीचा करार करून आले. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर पलटणीचे बाराशेच्या वर सैनिक उतरले आणि त्यांतले सुमारे चारशे तिथेच शेती करून राहिले. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने पाठवलेल्या सुमारे आठशे मुली, ज्यांना ‘फीय द्यू रुआ’ म्हणजे राजाच्या लेकी म्हणतात, लग्नासाठी आल्या. आंत्वान रुआने १६६८ मध्ये ज्या मारी माझोरशी लग्न केले, ती नॉर्मंडीहून आलेली अशीच एक राजाची लेक होती.

सुरुवात घरातून

पहिली पायरी कुठल्याही संकेतस्थळावर नाही, घरातल्या वयस्कर माणसासमोर बसण्यात आहे. पणजोबा-पणजीचे लग्न कोणत्या गावी, कोणत्या चर्चमध्ये झाले आणि पणजीचे माहेरचे नाव काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. त्यांतही माहेरचे नाव सर्वांत मोलाचे आहे. फ्रेंच वसाहतीच्या कागदांत स्त्री जन्मभर, आणि मृत्यूच्या नोंदीतही, माहेरच्याच नावाने लिहिली जाते. नवऱ्याचे नाव ‘अमुकची पत्नी’ किंवा ‘अमुकची विधवा’ असे पुढे येते. लग्नात नावासकट आडनाव बदलण्याची आपल्याकडची रीत डोक्यात ठेवून शोधायला गेलात तर निम्मी माणसे सापडणारच नाहीत.

कुटुंब अमेरिकेत गेलेले असेल तर आणखी एक थर सोलावा लागतो. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनडियन कापडगिरण्यांतल्या आणि इतर कामांसाठी अमेरिकेत गेले, आणि तिथे काहींनी नावाचे सरळ भाषांतर केले तर काहींचे नाव कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. बुआव्हेर म्हणजे हिरवे रान, त्याचे ग्रीनवुड झाले, रुआ म्हणजे राजा, त्याचे किंग, लब्लांचे व्हाइट, आणि बन्वाचे उच्चाराच्या जवळ जाणारे बेनवे. म्हणून न्यू इंग्लंडमधला एखादा किंग हा इंग्रज असेलच असे धरून चालू नये.

‘दि’ म्हणजे आपला ‘ऊर्फ’

रोमन लिपीत डी-आय-टी अशा तीन अक्षरांचा हा शब्द, शेवटचा टी न उच्चारता ‘दि’ असा म्हटला जातो. स्त्रीच्या नावापुढे त्याला शेवटी ई लागतो आणि तो ‘दीत’ होतो. शब्दशः अर्थ ‘म्हटला जाणारा’, आणि मराठीत त्यासाठी ‘ऊर्फ’ हा तयार शब्द आहे. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटायचे कारण नाही. नाना फडणीस मूळचे भानू होते आणि पेशवे श्रीवर्धनचे भट. पद मिळाले, तेच पुढे आडनाव झाले. गाव सुटल्यावर त्याला ‘कर’ लावून आडनाव करण्याची चाल तर आपल्या घराघरांत आहे. फरक एवढाच की नव्या फ्रान्समध्ये दोन्ही नावे कित्येक पिढ्या शेजारी शेजारी नांदली, आणि कोणते टिकायचे हे एकाच घरातल्या दोन भावांनी वेगवेगळे ठरवले.

ही नावे पडण्याची कारणे ओळखता आली तर शोधाची दिशा मिळते. सैनिकाला पलटणीत एक लढाऊ टोपणनाव असे: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बेफिकीर, जोलिकर म्हणजे गोड मनाचा, व्हाद्बोंकर म्हणजे मनापासून पुढे जाणारा. असे नाव दिसले की मूळ पुरुष कारिन्यां पलटणीत, १६८३ पासून येऊ लागलेल्या नौदलाच्या तुकड्यांत किंवा १७५५ नंतर आलेल्या पलटणींत असावा असे धरून शोधावे. मात्र अशी नावे शेकडो असंबद्ध माणसांना मिळालेली असल्याने दोन लाफ्लर एकमेकांचे कोणी लागतातच असे नाही. दुसरा प्रकार मूळ ठिकाणाचा: लांजव्हँ म्हणजे आंजू प्रांतातला, पिकार म्हणजे पिकार्दीचा, नोर्मां म्हणजे नॉर्मंडीचा. मिव्हिल घराण्याचा मूळ पुरुष पियेर मिव्हिल स्वित्झर्लंडमधील फ्रीबूरचा, म्हणून तो ‘दि ल स्वीस’. पण त्याच्या झाक नावाच्या मुलाला ‘देशेन’, म्हणजे ओकच्या झाडांचा, हे नाव लागले आणि तेच त्याच्या शाखेत टिकले. बापलेकांना वेगवेगळी ‘दि’ नावे असू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. याखेरीज शेतजमिनीवरून, वडिलांच्या किंवा आजोबांच्या पाळण्यातल्या नावावरून, क्वचित आईच्या घराण्यावरूनही अशी नावे पडली.

नावाआधी ‘द’ आहे म्हणून घराणे सरदारांचे होते, अशी समजूत पुष्कळ कुटुंबांत जपलेली असते. तो नुसता ‘चा’ या अर्थाचा शब्द आहे. खरोखर उमराव घराण्यातली माणसे आली, पण फार थोडी. झाक मिव्हिलची बायको कात्रीन द बायों ही त्यांतली एक, आणि तिची वंशावळ कागदांच्या आधाराने शार्लमेन राजापर्यंत नेली गेली आहे. कागद नसताना असा दावा लिहून ठेवू नये.

सगळीच फ्रेंच वळणाची नावे फ्रान्सची नसतात, हेही इथेच सांगायला हवे. मथायस फार्न्सवर्थ नावाचा इंग्रज मुलगा १७०४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्रॉटन गावातून पकडून नेला गेला, माँट्रियालमध्ये राहिला, आणि त्याचे वंशज आज फानफ म्हणून ओळखले जातात.

शोधण्याआधी नावांची वही

दप्तरात शिरण्यापूर्वी एका वहीत प्रत्येक आडनावाची सर्व रूपे लिहून काढावीत. एका बाजूला ‘दि’ची जोडी, दुसऱ्या बाजूला लेखनभेद. अठराव्या शतकापर्यंत आडनावाचे ठराविक लेखन नव्हतेच. पाद्री ऐकून लिहीत असे आणि समोरच्या माणसाला बहुधा वाचता येत नसे. शेवटचा ‘ओ’ एकट्या ओ या अक्षराने, ए-यू ने, ई-ए-यू ने किंवा ए-यू-एल-टी ने लिहिलेला सापडतो, आणि चारही वेळा माणूस एकच असतो. सुरुवातीचा एच कधी असतो, कधी नसतो. रुआ हे नाव आर-ओ-वाय किंवा आर-ओ-आय असे दोन्ही प्रकारे येते. शोधयंत्रात पूर्ण नाव घालण्यापेक्षा नवऱ्याच्या व बायकोच्या आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे एकत्र घालून शोधले तर फळ लवकर मिळते.

लग्नाची नोंद: या शोधाची शिडी

आता मुख्य कामाकडे येऊ. एका लग्नावरून त्याआधीच्या लग्नावर, अशी एकेक पायरी चढत जायचे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत फक्त आईवडील असतात; लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू या दोघांचेही आईवडील असतात, म्हणजे एका कागदावर दोन पिढ्या आणि चार घराणी हाताला लागतात. क्वेबेकमध्ये १९९४ च्या सुरुवातीपर्यंत चर्चची नोंदवही हीच सरकारी नोंदवही मानली जात असल्याने ही साखळी फार कमी ठिकाणी तुटते.

नोंदीचा साचा ठरलेला असतो आणि तो एकदा ओळखीचा झाला की फ्रेंच न येणाऱ्यालाही वाचता येतो. आधी अक्षरांत लिहिलेले वर्ष आणि दिवस. मग लागोपाठच्या तीन रविवारी किंवा सणांना चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा केल्याचा उल्लेख. मग वराचे नाव, त्यापुढे ‘फीस द’ म्हणजे ‘अमुकचा मुलगा’, आणि वधूपुढे ‘फीय द’ म्हणजे ‘अमुकची मुलगी’. आईवडिलांपैकी कोणाच्या नावाआधी एफ-ई-यू ही तीन अक्षरे दिसली तर तो आपला ‘कै.’ समजावा, त्या एका शब्दावरून मृत्यूची नोंद कोणत्या तारखेच्या आधी शोधायची हे कळते. ‘व्हव्ह’ म्हणजे विधवा. नंतर साक्षीदार, आणि त्यांचे नाते लिहिले असेल तर ते काळजीपूर्वक उतरवून घ्यावे, कारण काका किंवा मेहुणा कोण हे कळल्याने पुढे एकाच नावाच्या दोन माणसांतला गोंधळ सुटतो. शेवटी ‘सही करता येत नाही असे सांगितले’ हे वाक्य.

तीन ठिकाणी सांभाळावे. पहिले म्हणजे विधुर किंवा विधवा पुन्हा लग्न करते तेव्हा आईवडिलांची नावे बहुधा गाळून फक्त आधीच्या जोडीदाराचे नाव दिलेले असते. तेव्हा तिथे न थांबता पहिल्या लग्नाची नोंद शोधावी. दुसरे, महिने संक्षेपाने लिहिलेले असतात. ‘७ब्र’ असे दिसले तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर आहे. ‘८ब्र’ ऑक्टोबर, ‘९ब्र’ नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स असेल तर डिसेंबर. तिसरे, नातेसंबंधाची सवलत. ‘रक्तसंबंधाच्या तिसऱ्या पायरीची सूट’ असे लिहिले असेल तर वर-वधूचे पणजोबा-पणजी समान आहेत, आणि चौथ्या पायरीची असेल तर त्याही वरची पिढी समान आहे. ही ओळ म्हणजे घरबसल्या मिळालेली वंशावळच असते.

आपल्याकडे चातुर्मासात लग्ने होत नाहीत, तसे तिथे नाताळाआधीच्या आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत लग्ने लागत नसत. त्यामुळे नोव्हेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या महिन्यांची पाने आधी चाळावीत.

हे कागद पाहायचे कुठे? चर्चच्या नोंदींची छायाचित्रे फॅमिलीसर्च या विनाशुल्क संकेतस्थळावर आहेत, आणि द्रुअँ संस्थेने १९४० च्या दशकात चित्रित केलेला मोठा संग्रह वर्गणी भरून पाहता येतो. माँट्रियाल विद्यापीठाने १९६६ मध्ये सुरू केलेला ऐतिहासिक लोकसंख्या-संशोधन प्रकल्प, जो पीआरडीएच या आद्याक्षरांनी ओळखला जातो, त्याने या नोंदी कुटुंबवार जुळवून ठेवल्या आहेत. पाद्री सिप्रियँ तांग्ये यांचा १८७१ ते १८९० मध्ये सात खंडांत निघालेला वंशकोश आजही वापरला जातो, पण त्यात चुका पुष्कळ आहेत. तो वाट दाखवण्यापुरता घ्यावा आणि १७३० पर्यंतच्या कुटुंबांसाठी रने झेते यांच्या १९८३ च्या कोशाशी ताडून पाहावा. माझे मत असे की कोणत्याही कोशातली ओळ मूळ पानाचे छायाचित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वंशावळीत चढवू नये.

बाप्तिस्मा आणि पाळण्यातले नाव

बाळ जन्मल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा होई. नाव धर्मपिता व धर्ममाता ठेवत. मुलाला बहुधा धर्मपित्याचे, मुलीला धर्ममातेचे. हे दोघे नात्यातले असण्याचा संभव मोठा, म्हणून त्यांची नावेही उतरवून घ्यावीत. संतांच्या नावांपलीकडे निवड फारशी नसल्याने एकाच गावात एकाच पिढीत तीन-तीन पियेर रुआ असणे नेहमीचे आहे. मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची चाल होती, आणि दोन हयात भावंडांना एकच नाव असल्याचेही आढळते. तेव्हा बाप्तिस्मा सापडला की लगेच त्याच नावाची मृत्यूची नोंद आहे का हे पाहावे.

एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोझेफ आणि प्रत्येक मुलीच्या आधी मारी लावू लागले. ते हाक मारण्याचे नाव नव्हे. तीन नावांपैकी नेहमीच्या वापरातले बहुधा शेवटचे असते. घाईने पाणी शिंपडून केलेल्या बाप्तिस्म्याला ‘ओंद्वाये’ म्हणतात. तो बहुधा सुईणीने केलेला असतो, आणि त्या मुलाची पुढची नोंद कधी सापडते, कधी सापडत नाही.

मृत्यूच्या नोंदीतले वय अंदाजाने सांगितलेले असते. त्यावरून जन्मसाल काढू नये.

नोटरीचे दप्तर आणि खानेसुमारी

चर्चची वही माणूस कोणाचा हे सांगते, नोटरीचे दप्तर तो कसा जगला हे सांगते. लग्नाआधी नोटरीसमोर करार करण्याची रीत सर्व थरांत होती आणि त्यात कधी कधी चर्चच्या नोंदीत नसलेले मूळ गाव सापडते. चर्चची वही जळाली किंवा हरवली असेल तर हाच करार लग्नाचा पुरावा ठरतो. क्वेबेकच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या परिसराच्या, वह्या १४ जून १६४० च्या आगीत गेल्या आणि आधीच्या नोंदी आठवणीतून पुन्हा लिहिल्या गेल्या, हे त्या काळातला पूर्वज असेल तर ध्यानात ठेवावे. मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची यादी होत असे: कढई, घोंगडे, कुऱ्हाड, गाय, सगळे किमतीसह. हे दप्तर क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने जालावर खुले केले आहे. न्यायालयाचे कागदही सोडू नयेत. आंत्वान रुआचा १६८४ मध्ये माँट्रियालजवळ लाशीन येथे खून झाला, आणि त्याच्या आयुष्याविषयीची बरीच माहिती त्या खटल्यामुळेच आपल्यापर्यंत आली आहे.

राजाने नेमलेला वसाहतीचा कारभारी, म्हणजे इंतांदां, झां तालों याने १६६६ मध्ये केलेल्या खानेसुमारीत ३,२१५ माणसे मोजली गेली, परंतु पलटणीतले सैनिक त्यात नाहीत. तेव्हा कारिन्यांचा सैनिक तिथे सापडला नाही म्हणून खचून जाऊ नये. १६८१ च्या खानेसुमारीत वय, बंदुका, गुरे आणि लागवडीखालची जमीन लिहिलेली आहे.

समुद्रापलीकडचे गाव

मूळ पुरुषाच्या लग्नाच्या नोंदीत गावाच्या पॅरिशचे आणि धर्मप्रांताचे नाव असते. दोन्ही घ्यावीत, कारण फ्रान्समध्ये सँ-मार्तँ नावाची पॅरिशे असंख्य आहेत आणि धर्मप्रांताशिवाय त्यांचा उपयोग नाही. जुना प्रांत आजच्या कोणत्या देपार्तमांमध्ये (फ्रान्समधला जिल्ह्यासारखा विभाग) येतो हे पाहून त्या देपार्तमांच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जावे. चर्चच्या नोंदवह्या तिथे बहुधा विनाशुल्क पाहता येतात. त्याआधी क्वेबेकच्या वंशशास्त्र संस्थांच्या महासंघाचा ‘फिशिए ओरिजिन’ पाहावा, कारण फ्रान्समधला बाप्तिस्मा आधीच कोणी शोधला असेल तर तो तिथे नोंदलेला असतो. फ्रान्समध्ये १६६७ च्या राजाज्ञेनंतर नोंदवही दोन प्रतींत ठेवली जाऊ लागली, तेव्हा एक प्रत फाटली असेल तर दुसरी मागावी. १७५५ नंतर आलेल्या सैनिकांसाठी १७५७ ते १७६३ मधल्या ‘अविवाहित असल्याच्या साक्षी’ आहेत. लग्न करू इच्छिणाऱ्याने फ्रान्समध्ये आपली बायको नाही हे साथीदारांकरवी चर्चसमोर सिद्ध केले आणि ओघात आपले गाव, प्रवास, पलटण हेही सांगितले.

अकाडियाचे, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागातल्या फ्रेंच वसाहतीचे, पूर्वज असतील तर पद्धत बदलते. १७५५ मध्ये इंग्रजांनी अकाडियन लोकांना हाकलून दिले आणि त्यांच्या बहुतेक नोंदवह्या नष्ट झाल्या. पोर-रुआयालच्या १७०२ पासूनच्या वह्या उरल्या, ग्रां-प्रेच्या काही वह्या लोकांनी बरोबर नेल्या आणि त्या आज लुइझियानातील बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर पोहोचलेल्या कुटुंबांनी १७६७ मध्ये आपापल्या वंशावळी तोंडी सांगून लिहवून ठेवल्या. त्या समाजात माणसाला बापाच्या, आजोबाच्या नावांची माळ लावून ओळखायची रीत होती, ‘पॉलच्या झांचा पियेर’ अशी, आणि आपल्या नाव-वडिलांचे नाव या पद्धतीची सवय असलेल्या माणसाला ती चटकन वाचता येते.

वंशावळ लिहिताना

प्रत्येक पुरुषाचे नाव त्या-त्या कागदात जसे आहे तसे आणि दोन्ही आडनावांसह लिहावे; आंत्वानला नुसते देजार्दँ करू नये आणि अल्फोन्सला नुसते रुआ करू नये. स्त्रीचे नाव माहेरचे. संगणकावरच्या प्रणालीत आडनावाचा एकच रकाना असेल तर मूळ आडनाव आधी, मग ‘दि’, मग दुसरे नाव असा एकच क्रम शेवटपर्यंत पाळावा आणि इतर लेखनभेद शेऱ्यात टाकावेत. प्रत्येक जोडीखाली लग्नाची तारीख, पॅरिश आणि पानाचे छायाचित्र जोडावे. जिथे कागद नाही तिथली जागा कोरी सोडावी, आणि त्या कोऱ्या जागेशेजारी कोणत्या वह्या, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत पाहून झाल्या ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढे शोध हाती घेणाऱ्याला तीच पाने पुन्हा उलटावी लागणार नाहीत.